शिवरामपंतांची गोदा

शके १८३०, आश्विन शुद्ध १०, दसरा

ही वही पाठशाळेच्या हजेरीसाठी आणली होती. पण आज जे झालं ते कुठेतरी ओकल्याशिवाय मला चैन पडायचं नाही. घरात सांगायला गेलो तर उत्तर मिळालं, "तुमची वटवट भिंतीला सांगा, माझं पुरण करपतंय." भिंतीपेक्षा वही बरी.

शिवरामपंत माझे यजमान. ब्रह्माघाटावर आमची घरं पाठीला पाठ लावून आहेत. त्यांचे पूर्वज पैठणहून काशीत आले, आमचेही. फरक इतकाच की त्यांनी येताना पेढी आणली आणि आम्ही पोथ्या. तर या भल्या माणसाने कलकत्त्याला जाऊन ऑस्ट्रेलियातून जहाजाने आलेली एक विलायती घोडी विकत घेतली आणि चौकाघाटच्या बागेत आणून बांधली. कशाला, तर छावणीत साहेब लोकांच्या शर्यती होतात त्यांत पळवायला. दसऱ्याची अश्वपूजा सांगायला मला बोलावणं.

मी स्पष्ट सांगितलं, शर्यत म्हणजे द्यूत. पंत हसले. "शास्त्रीबुवा, मी तिच्यावर पैसा लावणार नाही. ती पळताना नुसतं बघणार. पन्नाशी उलटली, एवढं तरी करू द्या."

नाव ठेवलंय गोदा. घोडीला नदीचं नाव? म्हणे, "गंगेचं नाव दिवसरात्र घेतो. पैठणच्या नदीचं नाव घ्यायला घरात कुणीतरी नको का?" यावर काय बोलणार.

लक्षणं मात्र पाहिली. अंगाने तांबूस, पाय हरणासारखे बारीक, आणि गळ्यावर देवमण. घोड्याच्या अंगावरच्या भोवऱ्यांत देवमण म्हणजे राजा, तो असला की बाकीचे सगळे दोष माफ. मी तसं म्हटल्यावर पंतांची बकुळ टाळी वाजवायला गेली आणि मध्येच हात आवरले. बकुळ पंतांची एकुलती एक. नवव्या वर्षी विधवा झाली, सासर कसं असतं तेही तिने पाहिलं नाही. आता चौदा-पंधराची असेल. पंतांनी तिचे केस काढू दिले नाहीत, त्यावरून गल्लीत बोलणं होतं. मीही दोनदा सुचवलं आहे. ते ऐकत नाहीत.

कार्तिक वद्य ६

छावणीच्या मैदानावर गोदेची पहिली शर्यत. मी जाणार नव्हतो. पंतांनी टमटम दाराशी पाठवली, परत पाठवणं बरं दिसेना.

तंबूपासून लांब झाडाखाली उभा राहिलो, पाणीसुद्धा प्यालो नाही. निशाण पडलं, बाकीची घोडी सुटली आणि आमची गोदा जागच्या जागी उभी राहून बँडवाल्यांकडे बघत बसली. मग निघाली. शेवटून पहिली आली. साहेब लोक खूप हसले. पंतांचा पुतण्या बिंदुमाधव कानात म्हणाला, "काकांनी घरात पांढरा हत्ती बांधलाय, शास्त्रीजी." मला त्याचं बोलणं पटलं, आणि का कोण जाणे, रागही आला.

पंत तिच्या कपाळावर कपाळ टेकवून उभे होते. म्हणाले, "तिला कुणी सांगितलंच नव्हतं की बँड बघायचा नसतो."

पौष शुद्ध ३

वैद्यांनी मला सकाळी चालायला सांगितलं आहे. चालायचंच तर चौकाघाटपर्यंत चालावं, वाट चांगली आहे. बागेत गोदेचा सराव चालतो तोही सहज दिसतो.

बकुळ रोज वडिलांबरोबर बंद गाडीतून येते. साईस बदलू खरारा करून घोडी हवाली करतो, मग ही पोर तासभर तिची आयाळ विंचरते. तेल लावते, पेडाची वेणी घालते, कुंपणावरची जुईची फुलं त्यात खोवते. घोडी डोळे मिटून उभी राहते. निव्वळ पोरकटपणा. मी म्हटलं, "अगं, ती घोडी आहे, नवरी नव्हे." बकुळ म्हणाली, "तिला काय चालतं, शास्त्रीकाका. तिला कुणी काही म्हणत नाही."

उपरण्याच्या गाठीत गुळाचा खडा होता, तो घोडीने हुंगून काढला. उद्यापासून गाठ दुसऱ्या टोकाला बांधायला हवी.

पौष शुद्ध ९

दुसरं टोकही तिला सापडतं.

माघ शुद्ध ११

लखनौला गोदा जिंकली.

मी पाहिलं. एकादशीचा उपास, रेल्वेचा प्रवास, सगळं करून पाहिलं. निशाण पडलं तेव्हा बँड वाजतच होता, तिने मान वळवली नाही. वळणावर ती चौथी होती. मग तिने मान खाली घातली आणि पुढची तिघं जणू उभीच राहिली. माझ्या तोंडून काय निघालं ते लिहीत नाही, पण शेजारच्या मौलवीने मला मिठी मारली आणि मी मारू दिली. रात्री स्नान केलं.

पंत रडत होते. मोठं माणूस उघड्यावर रडताना बघून मला कसंतरी झालं. मी त्यांचा हात धरला. पंचवीस वर्षं त्यांच्या घरचं पौरोहित्य करतोय, पण हात आजच धरला.

माघ वद्य १

लखनौचा चांदीचा पेला घरी आला. त्याला साहेबांचे हात लागलेले, म्हणून चिंचेने घासवला, गंगाजलाने धुतला, वर मंत्र म्हटले. पंत म्हणाले, "आता देवघरात ठेवू." बकुळ म्हणाली, "जिंकली कोण?" आणि बागेत नेऊन त्यात घोडीला गूळपाणी पाजलं. माझी सगळी शुद्धी पाण्यात. पण पंत एवढे हसले की मलाही हसू आवरेना.

शके १८३१, कार्तिक शुद्ध १२

उन्हाळा-पावसाळ्यात लिहिण्यासारखं काही घडलं नाही. या महिन्यात छावणीत गोदा दोनदा पळाली, दोनदा जिंकली. आता चौकातला पानवालासुद्धा मला "घोड़ीवाले पंडितजी" म्हणतो. ब्रह्मवृंदात बसताना अवघड होतं. वाईट वाटत नाही, हेच वाईट.

मार्गशीर्ष शुद्ध ५

गोदा कलकत्त्याला निघाली, मोठ्या शर्यतीला. मुहूर्त मी काढला, तीन पंचांगं ताडून. बकुळला न्यायचं नाही असं ठरलं. आगगाडी, परका गाव, विधवा मुलगी. बिंदुमाधवाने तसं सुचवलं आणि मी दुजोरा दिला. तिने वेणी घालून दिली आणि बदलूला बजावलं, पळायच्या आधी सोडू नको.

मार्गशीर्ष वद्य ८

कलकत्त्याहून तार. गोदेचा पुढचा पाय गेला. शेवटच्या सरळ पट्ट्यात ती पहिली होती म्हणे. मुहूर्त पुन्हा पडताळून पाहिला. काही चूक सापडत नाही.

पौष शुद्ध २

पंत घोडीला घेऊन परत आले. पायाची शीर फाटली आहे. तिथल्या गोऱ्या डॉक्टराने गोळी घालायला सांगितलं होतं. पंत म्हणाले, "मी त्याला विचारलं, तुमच्या मुलीचा पाय मोडला तर काय करता?" डॉक्टर उठून गेला.

घोडीच्या डब्यातच बसून आला हा माणूस, पौषातल्या थंडीत, कांबळं तिच्या अंगावर टाकून. आता खोकतायत. बदलू म्हणतो, "पंडितजी, अब ये दौड़ने से रही. बोझा भी नहीं खींचेगी. पर घास खाएगी, बच्चे देगी, मजे में जिएगी." बकुळ गरम पाण्याने पाय शेकते, हळद लावते. बिंदुमाधव हिशेबी मुलगा, तो विचारतो, आता हिचा उपयोग काय. त्याच्याही म्हणण्यात तथ्य आहे.

माघ वद्य ३

शिवरामपंत गेले. छातीत कफ साठला होता. सकाळी शुद्धीवर होते, बकुळला म्हणाले, "गोदेचा पाय बघ." तेच शेवटचं. मणिकर्णिकेवर बिंदुमाधवाने अग्नी दिला. मंत्र मी सांगितले. दोन ठिकाणी चुकलो. आजवर कधी चुकलो नव्हतो.

माघ वद्य १०

अकराव्या दिवशी काय काय द्यायचं ते आज बिंदुमाधवाशी बोललो. मृताला जे जे प्रिय, ते ते त्या दिवशी महापात्राला द्यायचं. मेल्याच्या नावाचं दान घेणारा तो ब्राह्मण. त्याच्या हातात पडलं की पुढच्या वाटेवर मृताला पोचतं. पलंग, गादी, छत्री, जोडे. आणि वाहन. पुष्कळ घरांत वाहनाच्या बदल्यात रोख देऊन मोकळे होतात. मला ही पळवाट कधी आवडली नाही.

पंत डोळ्यांसमोर येतात. तो माणूस एवढी लांब वाट एकटा चालणार. तिथे गोदा असली तर? मी म्हटलं, घोडीच द्यायला हवी. मला वाटलं होतं बिंदुमाधव कुरकुर करील, एवढी मोलाची चीज. पण पोरगा लगेच म्हणाला, "शास्त्र सांगेल तसं करू, शास्त्रीजी. काकांपुढे मला काही जास्त नाही." डोळे भरून आले माझे. मी त्याला उगीच कोरडा समजत होतो.

माघ वद्य १२

बकुळला सांगायचं काम माझ्याकडे आलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "काका, मी दिली तर बाबांना खरंच मिळेल?"

मी म्हटलं, "मिळेल."

"पाय बरा झालेला नाही अजून."

"तिकडे सगळं बरं होतं, बाळ."

मग म्हणाली, "मग द्या. बाबांना चालवत नाही फार."

माघ वद्य १३

दान झालं. बायकांनी घाटावर यायचं नसतं, म्हणून बकुळने पहाटे बागेतच वेणी घातली. जुई नव्हती, बहर सरलाय. मी मणिकर्णिकेवर संकल्प सांगितला, बिंदुमाधवाने पाणी सोडलं, महापात्राने लगाम धरला. गोदा आधी जाईना. माझ्याकडे आली, उपरणं हुंगलं. सुतकाच्या घरातून आलेलो, आज गूळ नव्हता.

मग गेली. लंगडत गेली. पंतांच्या वाटेवर ती पोचली असेल, या विचाराने बरं वाटलं. जेवण गेलं नाही.

फाल्गुन शुद्ध ७

बिंदुमाधवाने न्हावी बोलावला होता. बकुळचं वपन झालं. आता लाल आलवण नेसते. शास्त्राप्रमाणे झालं, गल्लीतलं बोलणं थांबलं. घरात मात्र आमच्याकडे आज चूल पेटली नाही. कारण मला समजलं नाही.

शके १८३२, वैशाख वद्य २

आजचं आजच लिहून ठेवतो.

नाशिकचे यात्रेकरू यजमान आले, त्यांना आणायला राजघाटच्या स्टेशनावर गेलो. उन्हं चढत होती. समोर पहिला इक्का मिळाला त्यात चढलो, चौघं आणि सामान. घोडं चढावर अडकत होतं. मीच म्हटलं, "अरे भाई, जरा हाँको, धूप चढ़ रही है." इक्केवाल्याने चाबूक ओढला. परत अडकलं, मी परत म्हटलं.

मच्छोदरीला उतरलो. पैसे देत होतो तर माझं उपरणं कुणीतरी ओढलं. घोड्याने. गाठ हुंगत होतं. गळ्याला पट्टा लागून कातडं गेलं होतं आणि त्या जखमेच्या कडेला देवमण.

मी तिला ओळखलं नाही. अंगाची हाडं दिसत होती, आयाळ भादरलेली. तिने मला ओळखलं. इक्केवाला म्हणाला, महापात्राने त्याच आठवड्यात विकली, आता तिसऱ्या हाती आहे. "विलायती है पंडितजी, पर कामचोर है."

वैशाख वद्य ४

बकुळला सांगायचं नव्हतं. बदलूने सांगितलं, त्यालाही कुठेतरी दिसली. तिने मला मागल्या दाराने बोलावलं. "काका, तिला घेऊन या. बागेत नको. कुठेही ठेवा, पण त्या इक्क्यातून सोडवा."

मी म्हटलं, दिलेलं दान परत घेणं महापाप. देणारा नरकात, आणि ज्याच्या नावाने दिलं त्याचंही मिळालेलं जातं. "पंतांपासून ती हिसकावून घ्यायची का?" असं मी बोललो. ती मागे सरकली. म्हणाली, "नाही. नाही. मग नको."

पण इक्केवाल्याला आम्ही कुठे दिली होती? दिली महापात्राला. त्याने विकली. विकत घेणाऱ्याकडून विकत घेतली तर ते दान परत घेणं होतं का? याचा निर्णय पाहायला हवा. घाईने काही करणं बरं नाही.

वैशाख वद्य १०

पोथ्या काढल्या. एके ठिकाणी अनुकूल वचन आहे, पण ते जमिनीबद्दल. जनावराबद्दल स्पष्ट सापडत नाही. इतर शास्त्र्यांशी बोललो. दोघे म्हणतात दोष नाही, एक म्हणतो आहे. तिघांचं जमलं तर बरं. घरात म्हणाल्या, "तुम्ही जाऊन घोडी घेऊन या आणि मग बसा जमवत." बायकांना या गोष्टीतली बारकाई कळत नाही.

ज्येष्ठ शुद्ध ४

तिसऱ्या शास्त्र्यांनी आज मान्य केलं. मोल देऊन तिसऱ्याकडून घेतलेलं ते दानाचं हरण नव्हे. वचन उतरवून घेतलं. उद्या सकाळी राजघाटावर जातो. बदलूने त्याच्या भावाच्या गोठ्यात जागा केली आहे. गूळ घेतला आहे, दोन्ही टोकांना बांधून ठेवला.

बकुळला निरोप धाडला. ती म्हणे कितीतरी दिवसांनी जेवली.

ज्येष्ठ शुद्ध ५

गोदा चढावावर पडलेली होती. काल दुपारी पडली, उन्हात, गाडीला जुंपलेलीच. इक्केवाल्याने साज काढून नेला होता. डोम लोक ओढून न्यायला आले होते.

काल दुपारी मी तिसऱ्या शास्त्र्यांच्या ओसरीवर वचन उतरवून घेत होतो. सरबत प्यालो.

गाठी सोडून गूळ तिच्या तोंडापाशी ठेवला. लोक बघत होते. पंचवीस वर्षांत मी लोकांना जे जे सांगितलं त्यातलं त्या घटकेला मला एक अक्षर आठवेना. मी तिला मारलं. एकदा घाटावर, एकदा इक्क्यात बसून, आणि एकदा पोथीत.

ज्येष्ठ शुद्ध ६

बकुळ रडली नाही. दाराच्या कडेला उभी होती. म्हणाली, "काका, तुम्ही म्हणाला होतात, इथे दिलं की बाबांना तिथे पोचतं."

मी हो म्हटलं.

"मग ती इक्क्याला होती तेव्हा तिथेही तशीच होती का? बाबांना ती तशीच दिसत होती का?"

ही पोर असे प्रश्न विचारते आणि माझ्या सगळ्या पोथ्या घरी असून नसून सारख्या. तिला खोटं सांगितलं का मी, हेही मला माहीत नाही. खरं असेल तर त्याहून वाईट.

ज्येष्ठ वद्य ३

पंतांचं मासिक श्राद्ध. बिंदुमाधवाने आटोपतं घ्यायला सांगितलं, बागेच्या विक्रीचं बोलायला कुणी यायचं होतं. उठताना मागल्या दाराशी बकुळ उभी होती. आलवणाच्या पदराखाली पंतांचे जोडे. जुने, टाचेकडे झिजलेले, लखनौला घातले होते तेच.

"हे द्या, काका. आता बाबा पायी असतील."

मी म्हटलं, जोडे तर अकराव्याला दिले होते.

"ते चौकातून आणलेले. बाबांना नवे जोडे चावतात." मग म्हणाली, "ज्याच्या हाती गोदा दिली त्याच्याच हाती द्या. म्हणजे वाट तीच असेल."

आजच्या दिवशी असलं दान कुठल्याही पोथीत नाही. मी पोथी बघितली नाही. मणिकर्णिकेवर गेलो, महापात्राला शोधून काढलं, पंतांचं नाव-गोत्र उच्चारून पाणी सोडलं. तो म्हणाला, "पंडितजी, पुराना जूता?" मी हात जोडले. म्हटलं, "इसे बेचना मत, भैया. पहन लो." त्याने माझ्याकडे विचित्र नजरेने पाहिलं, मग तिथेच पायांत घातले. थोडे सैल होत होते. तो फटफट वाजवत पायऱ्या चढून वर दिसेनासा होईपर्यंत मी उभा होतो.

परत आलो तेव्हा बकुळ त्याच दाराशी होती. तिने माझ्या रिकाम्या हातांकडे पाहिलं.

मी म्हटलं, "पोचले."